लघवीच्या इन्फेक्शननंतर आजी असंबद्ध बोलू लागली. ऑक्सिमीटरवर ९७ दिसतंय, तरी मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय का?

हो, पडू शकतो. ऑक्सिमीटर रक्तात ऑक्सिजन किती आहे एवढंच सांगतो. तो मेंदूच्या पेशींपर्यंत पोचतोय की नाही, हे त्यावरून कळत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के, आणि साठा करून ठेवायची सोय नाही.

इन्फेक्शनशी लढताना शरीर इंटरल्यूकिन-६, टीएनएफ अशी रसायनं रक्तात सोडतं. त्यांनी रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. एरवी मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथल्या वाहिन्या रुंद करण्यात हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून मदत करतं. ते गणित आता चुकतं. पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. कुठे रक्त अडतं, कुठे ऑक्सिजन न देताच पुढे निघून जातं. त्यात बीपी उतरलं तर पुरवठा आणखी घटतो. अर्थात इन्फेक्शनमुळे सुटलेली ही रसायनं मेंदूच्या पेशींनाही थेट त्रास देतात, त्यामुळे सगळं खापर ऑक्सिजनवर फोडता येत नाही.

'वय झालंय, चालायचंच' म्हणून कृपया थांबू नका. अचानक भ्रम होणं हीच इमर्जन्सी आहे. गुंगी, जलद श्वास, लघवी कमी होणं यांपैकी काही सोबत असेल तर रात्र असली तरी आजींना लगेच हॉस्पिटलमध्ये न्या.