ट्रे कोण देतो?

"मॅडम, बाईच बाईची वैरी असते." हे वाक्य मी वेंगुर्ल्यात समुपदेशक म्हणून बसून किती जणींकडून ऐकलंय! नर्स, अंगणवाडी सेविका, शिक्षिका, मासळी सोलणाऱ्या. कामाची जागा बदलते, गाऱ्हाणं तेच: मी गेले की सगळ्या गप्प, मला सोडून चहा, पाठीमागे नाव ठेवणं.

काजू कारखान्यातली एक मुलगी आठवते. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) वय चोविसाच्या आसपास. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मी इलंय काय सगळी गप होतत. माका कोण जेवक बोलवणा नाय." टोपणनावही पडलं होतं, 'मुकादमाची लाडकी'. त्या नावाने ती सर्वात जास्त खचली होती.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत शिकलेली, म्हणजे त्रास देणारा विचार आधी तपासायचा. तीन बैठका तिच्या विचारांवर घालवल्या: सगळ्यांनी आपल्याला आपलं म्हणायलाच हवं का, वगैरे. ती मान डोलवायची आणि पुढच्या वेळी तशीच रडत यायची. चौथ्या खेपेला मी सिद्धांत बाजूला ठेवला आणि म्हटलं, "मला तुझं काम दाखव. नुसतं सांग, सकाळपासून काय काय होतं."

ती सांगत गेली. सुकवलेल्या गरांचे ट्रे येतात. गर नीट सुकलेला असला तर तांबूस साल बोट लावताच सुटते. ओलसर राहिला तर सुरीने खरवडावी लागते, गर तुटतो. मजुरी किलोवर, शिवाय तुकडा जास्त झाला की बोलणी.

"चांगला ट्रे कुणाला मिळतो?"

"माका मिळता बऱ्याचदा."

"आणि वाईट?"

"मावशीक." मावशी म्हणजे तिला सर्वात जास्त छळणारी. साठीला आलेली, नजर कमी झालेली.

"ट्रे वाटतो कोण?"

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मुकादम."

त्या दालनात तो एकटाच पुरुष. 'तुमची बायकांची भांडणं तुम्हीच मिटवा' असंही तोच म्हणायचा! माझ्या मते हे वैर बायकांच्या स्वभावातून आलेलं नव्हतं. वाटप एकाच्या हाती आणि जाब विचारायची सोय नाही, तिथे राग वर जात नाही; शेजारच्या पाटावर उतरतो. इस्पितळातली ड्युटी लावणं असो की शाळेतलं वर्गवाटप, मी आता पहिला प्रश्न हाच विचारते. उशिरा सुचला, पण माझा स्वतःचा आहे.

म्हणजे मावशी निर्दोष? नाही. छळ तो छळच. म्हणून त्या मुलीला सांगितलं: तारीख घालून लिहून ठेव. घोळक्याला नाही, एकटीला गाठून बोल. आणि मुकादमाचं वागणं लाडापलीकडे, अंगचटीला गेलं, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे मालकाने तक्रार समिती नेमायलाच हवी. टोमणे आणि वाळीत टाकणं मात्र त्या कायद्यात सहसा बसत नाही, त्याला चौघींनी मिळून बोलणं हाच उपाय.

तिने विहिरीवर मावशीला गाठलं. काय बोलणं झालं ते मला पूर्ण सांगितलं नाही. पंधरवड्याने पाच जणी मालकाकडे गेल्या, ट्रे पाळीने लावून घ्यायला.

शेवटच्या भेटीत विचारलं, "बोलतत आता?"

"दोघी बोलतत. मावशी नाय. पण ट्रे माझ्याकडे सरकवताना आता आपटणा नाय."