फिर्याद, खबर, जबाब आणि अहवाल

प्रश्न असा आहे की, पोलिसांच्या कागदपत्रांत येणारे तक्रार, फिर्याद, खबर, जबाब आणि अहवाल हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का, आणि ‘तिने पोलिसांत अहवाल दिला’ असे लिहिता येईल का. माझ्या मते तसे लिहू नये. सांगणारा कोण, ऐकणारा कोण आणि मजकुराची जबाबदारी कोणावर, हे यांतील जवळजवळ प्रत्येक शब्दात आधीच ठरलेले असते.

अपवाद ‘तक्रार’ या शब्दाचा. तो सैल आहे आणि कोणतेही गाऱ्हाणे त्यात बसते. फारसीतून आलेली ‘फिर्याद’ मात्र दाद मागण्यासाठी असते. व्यवहारात दखलपात्र गुन्ह्याबद्दल (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना सुरू करू शकतात अशा गुन्ह्याबद्दल) पोलीस ठाण्यात दिलेल्या हकिकतीला फिर्याद म्हणतात, आणि पीडित व्यक्ती पुढे येत नसेल तर पोलीस अधिकारीही ‘सरकारतर्फे फिर्याद’ देतो. विधिपरिभाषा याहून काटेकोर आहे. तिच्यात फिर्याद म्हणजे कारवाई व्हावी या हेतूने दंडाधिकाऱ्यासमोर केलेले आरोपाचे कथन. न्यायालयात ‘खाजगी फिर्याद’ म्हणतात ती हीच. पोलिसांना जी मिळते ती कायद्याच्या दृष्टीने ‘खबर’ असते, आणि ती देणारा स्वतः पीडित असलाच पाहिजे असे नाही.

‘प्रथम खबर अहवाल’ या नावातच प्रश्नाचे उत्तर आहे. खबर नागरिकाची असते आणि ती विहित नमुन्यात नोंदवून तयार होणारा अहवाल पोलिसांचा असतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली होणारी ही नोंद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली होते. तोंडी खबर लिहून घेतल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवावी लागते, त्यावर त्याची सही घ्यावी लागते आणि प्रत विनामूल्य द्यावी लागते. म्हणून ‘तिने खबर दिली’ किंवा ‘तिने फिर्याद दिली’ हेच बरोबर.

‘अहवाल’ हे मूळ अरबीत ‘हाल’ या शब्दाचे अनेकवचन आहे, म्हणजे परिस्थितीचे कथन. तपास संपल्यावर दंडाधिकाऱ्याकडे जातो तोही कायद्याच्या भाषेत ‘पोलीस अहवाल’च. आरोपीविरुद्ध पुरावा असेल तर त्याला आपण दोषारोपपत्र म्हणतो. मात्र प्रत्येक अहवाल दोषारोपपत्र नसतो, हे बातम्या लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात गुन्हा खरा पण आरोपीचा शोध लागला नाही तर दंडाधिकाऱ्याकडे ‘अ’ समरी (प्रकरण बंद करण्याचा एक वर्ग), फिर्याद द्वेषबुद्धीने खोटी दिली असेल तर ‘ब’ समरी आणि गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली असेल तर ‘क’ समरी मागितली जाते.

जबाब आणि पंचनामा यांत होणारी गल्लत मला अधिक गंभीर वाटते. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर त्याची सही घ्यायची नसते. पंचनाम्यावर मात्र पंचांच्या सह्या लागतात, कारण तो त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या स्थितीचा दाखला असतो. त्यामुळे दोन्हींची क्रियापदे वेगळी पडतात. जबाबात ‘मी पाहिले’ येईल तसे ‘मला नंतर समजले’ हेही येऊ शकते. पंचनाम्यात ‘दरवाजाची कडी तुटलेली दिसून आली’ एवढेच शोभते. ‘चोरट्यांनी कडी तोडून प्रवेश केला’ हे वाक्य पंचनाम्यात आले की पंचांच्या तोंडी त्यांनी न पाहिलेली घटना घातली जाते, आणि उलटतपासणीत बोट नेमके तिथेच ठेवले जाते.

पत्रव्यवहारातही हा विवेक लागतो. वरिष्ठांनी वस्तुस्थिती विचारली असेल तर ‘अहवाल’ पाठवायचा, वर्तनाबद्दल जाब विचारला असेल तर ‘खुलासा’ आणि मत मागितले असेल तर ‘अभिप्राय’. वर जाणाऱ्या कागदाला ‘सादर’ हे क्रियापद योग्य आहे, पण कनिष्ठाला किंवा नागरिकाला लिहिताना ते वापरू नये. तिथे साधे ‘कळवण्यात येते’ पुरते. अहवाल मागितला असताना विषयाच्या ओळीत ‘खुलासा’ लिहिणाऱ्याने, कोणी ठेवलेला नसलेला ठपका स्वतःहून मान्य केल्यासारखे होते.