वाचकांचे प्रश्न : परदेशी कामगार नेमल्यानंतरची मालकाची जबाबदारी

कॅनडात परदेशातून कामगार आणणाऱ्या लहान व्यावसायिकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत बरीच आली. बहुतेक पत्रांचा सूर असा की मंजुरी मिळाली, कामगार विमानातून उतरला, आता सरकारशी संबंध संपला. हा समज ज्यांना महागात पडू शकतो, अशांपैकी काहींचे प्रश्न येथे घेत आहे. उत्तरे मुख्यतः ‘टेम्पररी फॉरेन वर्कर प्रोग्रॅम’ या योजनेला धरून दिली आहेत.

प्रश्न : ओंटारिओमध्ये आमचे लहान उपाहारगृह आहे. कमी वेतनाच्या प्रवाहातून, म्हणजे या योजनेच्या कमी पगाराच्या पदांसाठीच्या विभागातून, आम्ही एक स्वयंपाकी आणला. एलएमआयएचे शुल्क, सल्लागाराची फी आणि विमानाचे तिकीट असा मोठा खर्च झाला. स्वयंपाक्याने लेखी संमती दिली असल्यामुळे दरमहा त्याच्या पगारातून २०० डॉलर कापून घेत आहोत. हिशेबनीस म्हणतात, संमती असल्याने अडचण नाही. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि ही कपात आपण याच महिन्यात थांबवावी, असे मी आग्रहाने सांगतो. एलएमआयए म्हणजे कॅनडातील श्रमबाजारावर या नेमणुकीचा काय परिणाम होईल, याचे सरकारी मूल्यांकन. त्यासाठी दर पदामागे १,००० डॉलर शुल्क मालक भरतो, कारण परदेशातून माणूस आणण्याची गरज मालकाची असते. हे शुल्क कामगाराकडून थेट वा आडमार्गाने वसूल करता येत नाही. भरतीसाठी नेमलेल्या सल्लागाराच्या फीलाही हाच नियम लागू आहे. २६ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार मालकाने स्वतः भरतीचे पैसे घ्यायचे नाहीत, एवढ्यावर त्याची जबाबदारी संपत नाही. त्याच्या वतीने भरती करणाऱ्यानेही ते घेतलेले नाहीत, याची खात्री त्यालाच करावी लागते. त्यामुळे सल्लागाराने तिकडे परस्पर पैसे घेतले असतील, तर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे उत्तर आपल्याला फारसे वाचवणार नाही. कमी वेतनाच्या प्रवाहातून परदेशातून आणलेल्या कामगाराच्या जाण्या-येण्याचा प्रवासखर्चही मालकाचाच असतो.

राहिला लेखी संमतीचा प्रश्न. ज्याचा कामाचा परवाना एकाच मालकाच्या नावाशी बांधलेला आहे, त्याने त्या मालकासमोर केलेली सही किती मोकळ्या मनाने केलेली असते, हे आपणच स्वतःला विचारून पाहावे. कायद्याने दिलेले संरक्षण अशा सहीने सोडून देता येत नाही. शिवाय ओंटारिओमध्ये परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा स्वतंत्र प्रांतिक कायदा आहे, आणि त्याखालीही अशा वसुलीला मनाई आहे.

आतापर्यंत कापलेली रक्कम कामगाराला बँकेमार्फत परत करावी आणि त्याची नोंद पगारपत्रकात दिसू द्यावी. त्यानंतर तपासणीची वाट न पाहता चूक स्वतःहून सरकारला कळवावी, असा माझा सल्ला आहे. नियमभंगाचा दंड ठरवताना स्वतःहून दिलेली कबुली आणि केलेली भरपाई विचारात घेतली जाते. हा दंड एका नियमभंगासाठी ५०० ते १,००,००० डॉलर आणि वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत असू शकतो. त्याखेरीज एक, दोन, पाच वा दहा वर्षे, किंवा गंभीर प्रकरणी कायमची, परदेशी कामगार आणण्यास बंदी येऊ शकते, आणि दोषी मालकांची नावे सरकारी संकेतस्थळावर जाहीर होतात.

याच संदर्भात एक गोष्ट सांगितली पाहिजे. एलएमआयए असलेल्या नोकरीमुळे एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडात कायम वास्तव्यासाठी गुणांवर होणाऱ्या निवडीत, जादा गुण मिळत, म्हणून अनेक उमेदवार मोठ्या रकमा देऊन अशी नोकरी ‘विकत’ घेत. २५ मार्च २०२५ पासून ते गुण बंद झाले आहेत. तरीही कोणी मध्यस्थ उमेदवाराच्या पैशांतून आपला खर्च भागवण्याचा प्रस्ताव घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

प्रश्न : हिवाळ्यात आमचा व्यवसाय मंदावतो. आमच्या परदेशी स्वयंपाक्याला आठवड्याला ३५ तासांऐवजी २२ तास काम द्यावे आणि उरलेला वेळ दुसऱ्या शाखेत गल्ल्यावर बसवावे, असा विचार आहे. त्याची तयारी आहे. चालेल का?

उत्तर : आपल्या प्रश्नात तीन वेगळे बदल आहेत, आणि तिन्ही धोक्याचे आहेत.

नोकरीच्या प्रस्तावात व्यवसाय, वेतन आणि कामाची परिस्थिती याबद्दल जे लिहून दिले, त्याच्याशी प्रत्यक्ष नोकरी मुळात सारखीच आणि कामगारासाठी कमी लाभाची नसलेली असली पाहिजे, हा या योजनेचा कणा आहे. ताशी दर तोच ठेवून तास घटवले, तर महिन्याकाठी हातात येणारी रक्कम घटते, म्हणजे शब्द मोडला जातो. व्यवसायावर ओढवलेले गंभीर आर्थिक संकट हे समर्थन ठरू शकते, पण त्याची झळ परदेशी कामगारांनाच प्रमाणाबाहेर बसलेली नसावी. दर वर्षी येणारा मंदीचा हंगाम हे अचानक ओढवलेले संकट आहे, असे तपासनिसाला पटवणे कठीण जाईल, असे मला वाटते. अर्ज करतानाच हिवाळ्याचा हिशेब धरायला हवा होता.

स्वयंपाकी आणि रोखपाल हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. गर्दीच्या वेळी पाच मिनिटे कोणी गल्ला सांभाळला, तर त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. पण नेमून दिलेले रोजचे काम म्हणून ते करवून घेणे वेगळे. दुसऱ्या शाखेचेही तसेच. मंजुरीपत्रावर आणि परवान्यावर कामाचे ठिकाण काय नोंदले आहे, ते आधी पाहावे आणि ती शाखा त्यात नसेल, तर नव्या मंजुरीशिवाय त्याला तिकडे पाठवू नये. परवान्याबाहेरचे काम करवून घेणे हा स्थलांतर कायद्याखाली गुन्हाही ठरू शकतो, आणि पुरेशी खबरदारी न घेणाऱ्या मालकाला ते माहीत होते, असेच कायदा गृहीत धरतो. कामगाराच्या तयारीने यातले काहीच बदलत नाही. उलट त्याचाही कॅनडातील कायदेशीर दर्जा धोक्यात येतो.

प्रश्न : हरवू नये म्हणून कामगारांचे पासपोर्ट आमच्या तिजोरीत ठेवतो. हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. ओंटारिओच्या कायद्याने मालकाला परदेशी कामगाराचा पासपोर्ट वा परवाना ताब्यात ठेवता येत नाही. आजच परत करावेत.

प्रश्न : माझी बहीण एका कारखान्यात परदेशी कामगार म्हणून काम करते. ओव्हरटाइमचे पैसे मागितले, तेव्हा मालक म्हणाले, “तुझा परवाना रद्द करून परत पाठवीन.” आजारी असताना डॉक्टरकडे जाण्यासाठीही सुट्टी दिली नाही. तिने काय करावे?

उत्तर : हा प्रश्न कामगाराच्या बाजूचा असला, तरी तो मालकांनीही वाचावा. परवाना रद्द करण्याचा किंवा कोणाला देशाबाहेर काढण्याचा अधिकार मालकाला नाही. तो सरकारचा आहे. हक्काची मागणी केली म्हणून धमकावणे हा सूड समजला जातो, आणि नियमांनी त्यास स्पष्ट मनाई केली आहे. आजारी किंवा जखमी कामगाराला वैद्यकीय सेवेपर्यंत पोहोचता यावे, यासाठी वाजवी प्रयत्न करणे मालकावर बंधनकारक आहे. प्रांताचा आरोग्य विमा सुरू होईपर्यंतच्या काळात तातडीच्या उपचारांचा खाजगी विमाही बहुतेक प्रवाहांत मालकानेच स्वखर्चाने काढायचा असतो.

आपल्या बहिणीने कामाचे तास, मिळालेला पगार आणि धमकीची तारीख व शब्द वहीत लिहून ठेवावेत आणि संदेश असल्यास जपावेत. सर्व्हिस कॅनडा या सरकारी यंत्रणेकडे नाव न सांगताही तक्रार करता येते. छळ होत असेल किंवा होण्याचा धोका असेल, तर जून २०१९ पासून असुरक्षित कामगारांसाठी असलेल्या खुल्या परवान्यासाठी तिला अर्ज करता येईल, म्हणजे त्या मालकाशी बांधलेले राहण्याची गरज उरणार नाही. घाबरून एकदम काम सोडण्याआधी परवानाधारक सल्लागाराशी किंवा कामगार साहाय्य केंद्राशी बोलावे.

प्रश्न : आमचे सर्व काही नियमाने चालते. तरीही तपासणी होऊ शकते का? कोणती कागदपत्रे ठेवावीत?

उत्तर : होऊ शकते. तक्रार किंवा पूर्वीचा नियमभंग नसला, तरी यादृच्छिक निवडीने आपले नाव येऊ शकते, आणि तपासनीस पूर्वसूचना न देताही येऊ शकतात. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सहा वर्षे कागद जपावे लागतात. कामगार मधेच सोडून गेला तरी ही मुदत कमी होत नाही.

दोन्ही बाजूंनी सही केलेला करारनामा पहिल्या दिवसापर्यंत कामगाराच्या हाती दिलेला असावा आणि तो त्याने निवडलेल्या इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेत असावा. सरकारने तयार केलेले हक्कांचे माहितीपत्रकही तोपर्यंत द्यायचे असते, आणि नोकरीच्या संपूर्ण काळात ते त्याला सहज पाहता येईल, अशी व्यवस्था ठेवायची असते. याखेरीज कामाच्या तासांची नोंद, वेतनचिठ्ठ्या, बँकेतील जमा, विम्याची पावती, प्रवासखर्चाची पावती आणि सल्लागाराला दिलेल्या पैशांचा हिशेब प्रत्येक कामगाराच्या नावाने वेगळ्या फाइलमध्ये लावावा. रोख पगार देणे टाळावे, कारण दिलेला पगार सिद्ध करता आला नाही, तर तपासनीस तो दिलाच नाही असा निष्कर्ष काढू शकतात.