वाचकांचे प्रश्न : खाल्डियन घरातला क्लेचा

प्रश्न : अमेरिकेत डेट्रॉइटजवळ मुलीच्या शेजारी खाल्डियन, म्हणजे इराकमधल्या ख्रिस्ती समाजाचं कुटुंब आहे. त्यांनी नाताळात दिलेला क्लेचा (खजूर भरून गुंडाळलेली बिस्किटं) तिने घरी करून पाहिला, पण भाजताना गुंडाळ्या उलगडल्या. काय चुकलं असेल? त्यांची मुलं आजीशीही इंग्रजीतच बोलतात, असं का?

उत्तर : बहुधा पीठ जास्त फुगलं. 500 ग्रॅम मैद्याला 200 ग्रॅम वितळलेलं लोणी, 1 छोटा चमचा यीस्ट, वेलची, कलौंजी आणि साधारण 150 मिली कोमट पाणी घ्यावं. गोळा जमला की मळणं थांबवावं, नाहीतर क्लेचा चिवट होतो. तासभर झाकून ठेवणं पुरे. 400 ग्रॅम बिनबियांचा खजूर चमचाभर लोण्यात मंद आचेवर मऊ करावा. घट्ट राहिला तर पसरताना पोळी फाटते. पोळी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. घट्ट गुंडाळून 2 सेंटिमीटरचे तुकडे कापावेत, सांधा खाली ठेवावा, वरून फेटलेलं अंडं लावून 180 अंशांवर 20 ते 25 मिनिटं भाजावं. कच्चे तुकडे फ्रीझरमध्ये छान टिकतात. क्लेचा नाताळ आणि ईस्टरला घरातल्या बायका एकत्र बसून किलोंनी करतात, म्हणूनच तो अमेरिकेतही टिकलाय.

भाषेचं मात्र अवघड आहे, आणि त्याचं वाईट वाटतं. खाल्डियनांची सूरेथ ही अरामी या प्राचीन भाषेची आजही बोलली जाणारी शाखा. तेलकेफ, अल्कोश अशा उत्तर इराकमधल्या निनवेच्या मैदानातल्या गावांची बोली वेगवेगळी. त्यात बगदादला वाढलेल्या कित्येकांच्या घरी अरबी. वडील एका गावच्या सूरेथमध्ये, आई अरबीत बोलणारी, तर मुलांना दोघांशी चालणारी तिसरी भाषा सोयीची वाटते. चर्चमध्ये सूरेथ कानावर पडते खरी, पण ऐकणं म्हणजे बोलणं नव्हे. आजीने इंग्रजी उत्तर चालवून घेतलं की मूल सूरेथ समजतं, पण बोलत नाही.

मुलीने आजींना ‘श्लामा इल्लाख’ म्हणावं. आजोबांना ‘श्लामा इल्लोख’. शेवट स्त्री-पुरुषानुसार बदलतो.

एक लक्षात ठेवा : ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या तीन आठवडे अगोदर, सोमवार ते बुधवार, ‘बाऊथा’ हा निनवेकरांचा उपवास येतो. बायबलमधल्या योना संदेष्ट्याचं ऐकून प्राचीन निनवे शहराने पश्चात्ताप केला, त्याची ही आठवण. मांस, दूध, लोणी वर्ज्य. त्या तीन दिवसांत क्लेचा परत द्यायला जाऊ नये.