‘हात उठला’ : या वाक्यात मारलं कुणी?

सोलापुरातल्या विडी घरकुलातून एका ताईंनी विचारलं आहे : “संध्याकाळी आम्ही चौघी-पाचजणी विड्या वळत टीव्हीपुढं बसतो. मालिकेतला नवरा बायकोला मुस्काटात मारतो आणि पुढच्या भागात म्हणतो, ‘माझा हात उठला.’ आता गल्लीतल्या बायकापण तसंच बोलायल्यात. मी त्यांचे तक्रारीचे अर्ज लिहून देते. अर्जात ‘हात उठला’ लिहू, ‘हात उचलला’ लिहू की ‘हात उगारला’? शुद्ध कोणतं?”

ताई, शुद्ध तिन्ही आहेत. पण तिन्हींचा अर्थ एक नाही, आणि अर्जात मला तिन्ही नको वाटतात.

‘उगारणे’ म्हणजे मारण्यासाठी वर नेणे. काठी उगारतात, आसूड उगारतात; फूल कुणी उगारत नाही. म्हणजे हेतू या क्रियापदातच आहे. पण उगारलेला हात खाली आलाच असं नाही. अर्जात ‘हात उगारला’ एवढंच असेल तर वाचणारा विचारणार, मग मारलं की नाही? ‘हात उचलला’ यात मारणं गृहीत आहे, पण शब्दांत उचलण्यापुरतंच बोललं जातं. निदान ‘नवऱ्यानं हात उचलला’ असा कर्ता तरी तिथं उभा असतो.

‘हात उठला’ मध्ये तोही जातो. ‘उठणे’ हे अकर्मक क्रियापद. पुरळ उठतं, वावटळ उठते, पोटात कळ उठते, आवई उठते. ही सगळी आपोआप होणारी, कुणाच्या हातात नसलेली. पुरळ कुणी उठवलं, असं आपण विचारत नाही. त्याच रांगेत हात जाऊन बसला की मारणं हे वावटळीसारखं होतं. आलं आणि गेलं. हिंदीतही अशीच रचना आहे, पण हिंदीवरून आली का हा वाद मला इथं घालायचा नाही. उसनी असो की घरची, ती काय करते ते महत्त्वाचं.

मराठीचं व्याकरणही अशा पळवाटेला मोकळीक देतं. शाळेत भावे प्रयोगाला ‘रामाने रावणास मारले’ हे उदाहरण असतं. त्यात ‘मारले’ रामाप्रमाणेही बदलत नाही आणि रावणाप्रमाणेही. म्हणून ‘त्यानं तिला मारलं’ मधला ‘त्यानं’ काढला तरी ‘तिला मारलं’ हे वाक्य धड उभं राहतं, आणि क्रियापदावर मारणाऱ्याची काही खूण उरत नाही. ‘तिला लागलं’, ‘तिला मार बसला’ यांत तर तो पहिल्यापासूनच नाही. आणि ‘तिनं मार खाल्ला’ बघा. या सगळ्या प्रकारात बाई कर्ता होते ती फक्त इथं, मार खाताना.

तुमच्या गल्लीत निम्म्या घरांत तेलुगू बोलत असतील. त्यांना विचारा. आपल्याकडच्या तेलुगूत नवऱ्यानं मारलं तर ‘कोट्टिंडु’ म्हणतात, सासूनं मारलं तर ‘कोट्टिंदि’. मारणारा पुरुष की बाई हे क्रियापदाच्या शेपटातच असतं. नाव गाळलं तरी तो पुसला जात नाही. मार ‘खाण्याचा’ वाक्प्रचार तेलुगूतही आहेच, म्हणजे पळवाट सगळीकडे सापडते. पण साधं क्रियापद वापरलं तर तेलुगूत मारणाऱ्याला लपायला जागा कमी.

आता मालिकेतला तो प्रसंग. मला यातलं सगळ्यात जास्त तेच टोचतं. थप्पड एक असते, पण ती तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. मग तो स्वतःच्या तळहाताकडे बघतो, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. आत जाऊन आरशावर मूठ आपटतो. रक्त येतं. आणि जिच्या गालावर अजून वळ आहेत ती धावत येऊन त्याच हाताला पट्टी बांधते. मागं बासरी किंवा व्हायोलिन. या क्षणी ‘माझा हात उठला’ हे वाक्य येतं तेव्हा हात हे एक वेगळंच पात्र झालेलं असतं : त्यानंच मारलं, तोच जखमी झाला, त्याचीच सेवा झाली. माणूस प्रेम करायला मोकळा. प्रेक्षकाला तो देखणा दिसतो, हळवा दिसतो, आणि ‘रागावर प्रेम भारी पडलं’ असं वाटतं. तुम्ही विड्या वळताना ऐकता, कारण पानं कापताना नजर कात्रीवर ठेवावी लागते. म्हणजे चित्रापेक्षा वाक्यच तुमच्यापर्यंत जास्त पोचतं. ते तोंडात बसलं यात गल्लीतल्या बायकांचं काही चुकलं नाही.

एखाद्या पात्रानं ते वाक्य म्हणू नये, असं माझं म्हणणं नाही. मारणारा माणूस असंच बोलतो, लेखकानं ते टिपलं तर बरोबरच आहे. पण संगीत, प्रकाश आणि पुढचे दहा भाग मिळून त्याचीच री ओढतात, तेव्हा ते पात्राचं वाक्य राहत नाही, मालिकेचं मत होतं.

आणि हे मत पडद्यावर रिकाम्या जागेत पडत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकोला मारण्याची सात कारणं विचारली होती : न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, सासरच्यांचा मान ठेवला नाही, नीट स्वयंपाक केला नाही, अशी. यांतल्या एका तरी कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य, असं म्हणणाऱ्या बायका देशभरात 45 टक्के निघाल्या आणि पुरुष 44 टक्के. मालिकेतल्या थपडेच्या आधी जे प्रसंग रचतात ते याच यादीतले असतात.

एक वही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी आठवीला मराठी शिकवायचे. ‘माझी आई’ या निबंधात एका मुलीनं लिहिलं होतं, “रात्री पप्पांचा हात उटला आणि आईला लागलं.” मी लाल पेनानं ‘उटला’ला गोल केला, वर ‘ठ’ लिहिला आणि वही परत दिली. शुद्धलेखन तपासलं, वाक्य वाचलंच नाही. त्या ओळीत दोन क्रियापदं होती आणि दोन्हींत वडील नव्हते. मुलीनं ती जागा किती सांभाळून रिकामी ठेवली होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

तर तुमचा अर्ज. कर्ता आधी, साधं क्रियापद शेवटी, मध्ये तारीख, वेळ, जागा आणि कशानं. ‘माझ्या नवऱ्याने मला घरात, रात्री नऊच्या सुमारास, उजव्या हाताने डाव्या कानाखाली दोन वेळा मारले. नंतर पाठीत लाथ मारली.’ ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण केली’ हा पोलीस ठाण्यातला ठरीव साचा. त्यात तिला बसलेली लाथ आणि दुसरीला बसलेली लाथ एकसारखी दिसते, म्हणून तो आपण होऊन लिहू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शिवीगाळ, अपमान, पैसे अडवून धरणं हेही येतं. तेही तिच्या शब्दांत लिहा.

आणखी एक. ‘उठला’ म्हटलं की एकदा घडलं आणि संपलं, असा काळ होतो. तुमच्या गल्लीतल्या बाया चिडून बोलतात तेव्हा ‘दोन वरसं झालं मारायलाय’ म्हणत असतील. सोलापूरच्या या ‘मारायलाय’त करणारा पुरुष आहे आणि अजून चाललंय हेही आहे. अर्जात ते ‘दोन वर्षांपासून मारत आहे’ असं लिहा. मग सही किंवा अंगठा घ्यायच्या आधी तिला तिच्या बोलीत वाचून दाखवा. तेलुगू घरातली असेल तर तेलुगूत.