ओढ्याचा काठ ‘साफ’ करायला निघालेत, काय करायचं?

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीच्या मागून येऊरच्या डोंगरातून येणारा ओढा वाहतो, त्याला लागून उद्यानाचा प्लॉट आहे. अर्ध्या प्लॉटमध्ये मुलांची खेळणी, उरलेल्या अर्ध्यात उंबर, करंज, झुडपं, सगळं आपापलं वाढलेलं. आता तिथे सुशोभीकरणाचा बोर्ड लागलाय. ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, लाइट आणि कोपऱ्यात फूड स्टॉल. सोसायटीतले बरेच जण खूश आहेत, डास आणि साप तरी जातील म्हणतात. विरोधात आम्ही तीन-चारच घरं. आमचं चुकतंय का? – एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : अजिबात चुकत नाहीये. उलट तो जो अर्धा भाग ‘आपापला वाढलेला’ आहे ना, तोच तुमच्या उद्यानाचा सगळ्यात मोलाचा भाग आहे, खेळणी काय, कुठेही बसवता येतात.

येऊरचा उतार तीव्र आहे, त्यामुळे पावसाळ्यात डोंगरावर तासभर जोरात कोसळला की ते पाणी लगेच खाली तुमच्या ओढ्यात येतं, आणि काठावरची मुळं, दगड, गवत, लव्हाळं या सगळ्यात अडखळत अडखळत पुढे जातं. त्या अडखळण्यातच ते थोडं जमिनीत मुरतं, गाळ काठाला बसतो, आणि पाऊस थांबल्यावर मुरलेलं पाणी झिरपत झिरपत परत ओढ्यात येतं. दोन्ही बाजूंनी भिंत घातली की पाण्याचा वेग वाढतो, मुरायला जागा उरत नाही, आणि तुमच्याकडून सुटलेलं पाणी खाली खाडीजवळच्या वस्तीत एकदम जाऊन पोचतं. त्यात भरती असेल तर खाडी पाणी घेत नाही, मग ते घराघरांत शिरतं. म्हणजे तुमची भिंत झाली, पूर त्यांच्याकडे गेला. २६ जुलै २००५ ठाणेकरांना वेगळा सांगायला नको.

डासांचं म्हणाल तर शेजाऱ्यांना एवढंच विचारा, डास वाहत्या पाण्यात होतात की साचलेल्या? डेंग्यूचा डास तर कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये, उघड्या टाकीत होतो, त्याला ओढा लागतच नाही. ओढ्याच्या कडेला जे डास होतात ते बहुतेक सांडपाण्यामुळे. कुठल्या तरी बिल्डिंगची ड्रेनेज लाइन गुपचूप ओढ्यात सोडलेली असते, पाणी काळं होतं, मासे मरतात, अळ्या खाणारं कोणी राहत नाही. ती लाइन शोधून बंद करायला लावा, भिंतीपेक्षा खूप स्वस्तात काम होईल. आणि सापांची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका, घोणस आणि नागही या भागात आहेत. पण बरेचदा दिसते ती धामण किंवा दिवड, दोन्ही बिनविषारी, आणि धामण तर उंदीर खाते. फूड स्टॉल आले की उष्टं पडणार, उंदीर वाढणार, मग साप येणारच की! चालायचा ट्रॅक काठापासून लांब ठेवा, कडेचं गवत कापा, मुलांना झुडपात हात घालू देऊ नका, एवढं पुरतं.

आता कागदाचं. हे कंटाळवाणं आहे पण जिंकायचं असेल तर इथेच. आधी महापालिकेच्या विकास आराखड्यात (कुठली जागा कशासाठी ते ठरवणाऱ्या नकाशात) तो प्लॉट कशासाठी आरक्षित आहे ते बघा आणि ओढा त्यात दाखवलाय का तेही बघा. उद्यानाच्या आरक्षणात बदल करायचा तर १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ची प्रक्रिया आहे, नोटीस निघते, हरकती मागवतात. मग माहिती अधिकारात, २००५च्या कायद्याखाली, १० रुपयांचा अर्ज करून कामाचा नकाशा, अंदाजपत्रक आणि वर्क ऑर्डर मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. झाडं तोडायची असतील तर १९७५च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती घेतलीय का विचारा. त्या कायद्यात २०२१ साली बदल होऊन ५० वर्षांच्या पुढची झाडं हेरिटेज धरली जातात, तुमचा उंबर तेवढा जुना असेल तर तसं लेखी नोंदवा. फक्त लक्षात ठेवा, मोजणीत झाडं येतात, खालची झुडपं आणि लव्हाळं कोणी मोजत नाही, म्हणून त्यांचे तारीख दिसेल असे फोटो तुम्हीच काढून ठेवा, एक सेट पावसाळ्यातला, एक मार्चमधला.

आणि कोणी म्हणालं की तुम्ही कोण विचारणारे, तर बंगळूर मेडिकल ट्रस्टचा खटला सांगा. उद्यानाची जागा खासगी हॉस्पिटलला दिली होती, रहिवासी कोर्टात गेले, आणि सुप्रीम कोर्टाने १९९१ साली ते वाटप रद्दच ठरवलं. रहिवाशांना हा हक्क आहे असंही कोर्टाने मानलं.

माझा सल्ला विचाराल तर ‘काम बंद करा’ असं पत्र देऊ नका, लगेच विकासविरोधी म्हणतात. ‘असं करा’ म्हणून द्या. ट्रॅक प्लॉटच्या रस्त्याकडच्या बाजूला, मातीचा किंवा मुरुमाचा. काठाला हात नाही. लाइट खाली झुकलेले आणि ओढ्याकडे प्रकाश न जाणारे. स्टॉल नकोत. सांडपाण्याची लाइन आधी. असं दिलंत तर खूश असलेल्या शेजाऱ्यांपैकी निम्मे सही करतील, कारण त्यांना चालायला जागा हवीय, भिंतीशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

प्रश्न : ओढ्याकाठी आमच्या ग्रुपला झाडं लावायची आहेत, कोणती लावू? – ठाणे

उत्तर : करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन, वाळुंज. गुलमोहर, गिरीपुष्प नकोत. पण खरं सांगू का, पहिलं वर्ष काही लावूच नका. घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं उपटा, प्लास्टिक काढा, आणि बघा करंजाची रोपं आपोआप किती येतात ते. मग जिथे मोकळं राहिलंय तिथेच लावा, आणि लव्हाळ्यावर खड्डे मारू नका.

प्रश्न : आमच्या नोडमधल्या (म्हणजे शहराच्या आमच्या भागातल्या) होल्डिंग पाँडमध्ये, पावसाचं पाणी साठवायच्या तलावात, खारफुटी उगवलीय, पूर येतो म्हणून ती काढायची मागणी होतेय. बाजू कोणाची घ्यायची? – नवी मुंबई

उत्तर : हा प्रश्न अवघड आहे, दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. हे तलाव भरतीच्या वेळी दार बंद करून पावसाचं पाणी साठवायला आणि ओहोटीला सोडायला केलेत. गाळ भरला आणि त्यात खारफुटी वाढली की पाणी मावत नाही आणि नोड बुडतो. पण मुंबई हायकोर्टाच्या २०१८च्या निकालाने राज्यभर खारफुटी तोडायला बंदी आहे, सार्वजनिक कामासाठीही कोर्टाची परवानगी लागते, त्यामुळे जेसीबी आणून मोकळं करणं हा मार्गच नाही. मागणी अशी करा की आधी भरती-ओहोटीचे दरवाजे नीट चालतात का ते तपासा, जिथे खारफुटी नाही तिथला गाळ दरवर्षी मे अखेरपर्यंत काढा, आणि वरच्या ओढ्यांतून येणारी माती आणि डेब्रिज तिथेच अडवा. एवढं सगळं करूनही पाणी मावत नसेल, तरच किती खारफुटी, कुठली, ते मोजून परवानगीसाठी जायचं.