नवे साइडिंग, ओली भिंत: मिनेसोटातील एका घरमालकाचा कायदेशीर पेच

प्रश्न: आम्ही मिनीअ‍ॅपोलिसच्या उपनगरात राहतो. घर १९९० च्या दशकातले, दुमजली आहे. जुने हार्डबोर्डचे साइडिंग (भिंतीवरचे बाहेरचे आच्छादन) फुगून सुटू लागल्यामुळे आम्ही २०२४ मध्ये एका स्थानिक कंत्राटदाराकडून फायबर सिमेंटच्या फळ्या बसवून घेतल्या आणि त्याच करारात चार खिडक्याही बदलल्या. एकूण करार ४६,००० डॉलरचा होता. काम सप्टेंबर २०२४ अखेर संपले. फेब्रुवारी २०२५ मध्ये, गराजचे छप्पर जिथे वरच्या मजल्याच्या भिंतीला भिडते त्याखाली, आतल्या भिंतीवर ओल दिसली. फोटो मेसेजने पाठवल्यावर मे महिन्यात कंत्राटदार आला आणि जोडांवर व खिडक्यांच्या वर सीलंट भरून गेला. या हिवाळ्यात ओल वाढली आहे. आम्ही नेमलेल्या तपासनिसाने तीन दोष लिहून दिले असून दुरुस्तीचा अंदाज ३१,००० डॉलरचा आहे. कंत्राटदार म्हणतो, घरात वाफ जास्त होते म्हणून भिंतीत दव धरते. आम्ही रोखलेले ६,००० डॉलर दिले नाहीत तर घरावर लीन (थकीत पैशांसाठी घरावर नोंदवलेला बोजा) टाकू, अशी धमकी तो देतो. दुसरीकडे, आम्ही एका कागदावर सही केली तर ते पैसे सोडून देण्याचीही त्याची तयारी आहे. आम्ही काय करावे?

उत्तर: आपल्या पत्रासोबतचा करार, मेसेजेस आणि तपासनिसाचा अहवाल मी वाचला. आपली बाजू मुळात चांगली आहे. परंतु ती टिकवायची असेल, तर भिंतीला हात लावण्यापूर्वी काही गोष्टी लेखी झाल्या पाहिजेत, आणि हीच घाई सर्वांत महत्त्वाची आहे. खालील विवेचन मिनेसोटाच्या कायद्यापुरते आहे. विस्कॉन्सिन किंवा डकोटातील वाचकांनी ते जसेच्या तसे स्वतःला लावून घेऊ नये.

या वादात फळी चांगली की वाईट हा प्रश्न दुय्यम आहे. फायबर सिमेंटला थंडीचे स्वतःचे असे वावडे नाही. उणे २० अंश फॅरनहाइटमध्येही ते तडकत नाही. मात्र ते पाणी शोषते, आणि कापलेल्या उघड्या कडेतून शिरलेले पाणी गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांत अडकले की थर सुटू लागतात. शिवाय कोणतेही साइडिंग सगळे पाणी अडवत नाही. कोकणात झड अडवण्यासाठी भिंतीला बांधलेल्या झापांमधूनही थोडे पाणी आत येतेच. इथेही फळीमागचा जलरोधक थर आणि पत्र्याच्या पट्ट्या यांनी ते पाणी परत बाहेर काढायचे असते. म्हणूनच उत्पादकाच्या छापील सूचना आणि राज्याची बांधकाम संहिता या दोन दस्तऐवजांवर असे खटले जिंकले किंवा हरले जातात. आपले काम झाले तेव्हा मिनेसोटाची २०२० ची निवासी संहिता लागू होती, आणि साइडिंग उत्पादकाच्या सूचनांनुसार बसवले पाहिजे असे ती सांगते. त्यामुळे सूचनांचा भंग हा केवळ कारागिरीतील ढिसाळपणा राहत नाही, तो संहितेचाही भंग ठरतो.

आता अहवालातील तीन दोष या कसोटीवर तपासू. पहिला दोष असा, की गराजच्या छपराची उतरती कड भिंतीला जिथे संपते तिथे पाणी भिंतीपासून बाहेर फेकणारी वाकवलेली पट्टी, जिला व्यवहारात किकआउट फ्लॅशिंग म्हणतात, बसवलेलीच नाही. छपराच्या कडेवर पाणी भिंतीपासून दूर वळवणारे फ्लॅशिंग असलेच पाहिजे, अशी संहितेत स्पष्ट तरतूद आहे. आपली ओल नेमकी त्या बिंदूच्या खाली आहे. हा दोष माझ्या मते आपला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. दुसरा दोष असा, की सर्वांत खालची फळी छपराच्या शिंगल्सना (कौलांसारख्या चपट्या तुकड्यांना) टेकलेली आहे. उत्पादकांच्या सूचनांमध्ये छपरापासून साधारण १ ते २ इंच आणि जमिनीपासून सामान्यतः ६ इंच अंतर मागितलेले असते, कारण त्या कोनात साचलेले बर्फ आठवडेच्या आठवडे फळीच्या कडेला चिकटून राहते.

तिसरा दोष अधिक रोचक आहे, कारण तो कंत्राटदाराने दुरुस्तीच्या नावाखाली स्वतः निर्माण केला आहे. खिडकीच्या वरच्या आडव्या पट्टीवर, पट्टी आणि फळी यांच्यामध्ये, सुमारे १/४ इंचाची फट मुद्दाम मोकळी ठेवायची असते. फळीमागे उतरलेले पाणी तिथूनच बाहेर पडते. मे २०२५ मध्ये त्याने नेमकी तीच फट सीलंटने बुजवली. आपण पाठवलेल्या फोटोत पांढऱ्या सीलंटची सलग रेघ स्पष्ट दिसते आणि तिच्या दोन्ही टोकांना फळीचा रंग गडद झालेला आहे. तो फोटो मूळ स्वरूपात, तारखेसह जपून ठेवा.

कायद्याकडे वळतो. मिनेसोटा कायद्याचे प्रकरण ३२७ए घरदुरुस्तीच्या कामावर वैधानिक हमी लादते. मोठे संरचनात्मक बदल किंवा वाढीव बांधकाम असेल तर मुख्य बांधकाम-दोषांसाठी ती १० वर्षांची असते. केवळ साइडिंग आणि खिडक्या बदलण्याच्या कामाला मात्र, संहितेचे पालन न केल्यामुळे उद्भवलेल्या सदोष कारागिरी व साहित्याबाबत, १ वर्षाची हमी मिळते. करारात हमी नाकारणारे कलम असले तरी ही वैधानिक हमी त्यामुळे नाहीशी होत नाही. आपले १ वर्ष सप्टेंबर २०२५ मध्ये संपले. यावर कंत्राटदार बोट ठेवेल. पण दोष फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे मुदतीच्या आतच, उघड झाला होता. कायदा असेही म्हणतो, की नुकसान लक्षात आल्यापासून ६ महिन्यांत मालकाने लेखी कळवले पाहिजे, अन्यथा कंत्राटदाराला त्याची प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध केले पाहिजे. आपले मेसेज आणि त्याची मे महिन्यातील भेट या दोन्ही गोष्टी इथे कामी येतील. ‘मेसेज म्हणजे लेखी सूचना नव्हे’ असा युक्तिवाद त्याने केला, तरी जो माणूस शिडी लावून स्वतः सीलंट भरून गेला त्याला नुकसानीची माहिती नव्हती, हे न्यायालयाला पटवणे सोपे जाणार नाही.

दावा दाखल करण्याची मुदत वेगळी आहे. बांधकामातील दोषांसाठी नुकसान लक्षात आल्यापासून साधारण २ वर्षांत दावा करावा लागतो, आणि काम पूर्ण झाल्यापासून १० वर्षांनंतर तो मुळी उद्भवतच नाही. ही २ वर्षे नेमकी कधी सुरू झाली यावर वकील बराच वेळ वाद घालू शकतात. दुरुस्तीच्या आश्वासनांमुळे मुदत लांबली, असाही युक्तिवाद करता येतो. आपण मात्र सर्वांत कठोर गणित धरावे आणि फेब्रुवारी २०२७ ही आपली शेवटची तारीख समजावी.

तेव्हा पहिले काम म्हणजे नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने सविस्तर लेखी सूचना पाठवणे. तीत अहवाल जोडावा, तिन्ही दोष संहितेच्या व उत्पादकाच्या सूचनांच्या भाषेत मांडावेत आणि प्रकरण ३२७ए चा स्पष्ट उल्लेख करावा. सूचनेनंतर कंत्राटदाराला ३० दिवसांत पाहणी करण्याची आणि पाहणीनंतर १५ दिवसांत लेखी दुरुस्ती-प्रस्ताव देण्याची संधी कायद्याने द्यावी लागते. त्या प्रस्तावावर एकमत झाले नाही, तर जिल्हा न्यायालयात जाण्यापूर्वी राज्याच्या कामगार व उद्योग विभागामार्फत चालणाऱ्या वाद-निवारण प्रक्रियेतून जावे लागते. त्या प्रक्रियेतील तटस्थ तज्ज्ञाचा निष्कर्ष बंधनकारक नसतो. तरीही माझ्या अनुभवात अनेक वाद तिथेच मिटतात, कारण कंत्राटदाराचा विमा देणारी कंपनी तो कागद गांभीर्याने वाचते.

हे सर्व चालू असताना भिंत उघडून लगेच दुरुस्त करण्याचा मोह होईल. घरात लहान मुले असताना आणि बुरशीचा वास येत असताना तो मोह समजण्यासारखा आहे. तरीही, समोरच्या पक्षाला पाहणीची पुरेशी संधी न देता पुरावा काढून टाकला, तर तुमच्या तज्ज्ञाची साक्षच बाद होण्याचा धोका असतो. २०११ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ओल शिरलेल्या एका घराच्याच खटल्यात, यावर विस्ताराने भाष्य केले: घरमालकाला दुरुस्तीची खरी गरज असू शकते, पण त्याआधी समोरच्याला अर्थपूर्ण सूचना आणि तपासणीची न्याय्य संधी मिळाली पाहिजे. म्हणून सूचनेत भिंत उघडण्याची निश्चित तारीख लिहा, त्या दिवशी त्याला आणि त्याच्या तज्ज्ञाला बोलवा, प्रत्येक थर उलगडताना चित्रीकरण करा, आणि काढलेल्या फळ्या, पट्ट्या, खिळे व कुजलेल्या शीथिंगचे (साइडिंगखाली भिंतीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या तक्त्यांचे) तुकडे खुणा करून गराजमध्ये ठेवा. दरम्यान, नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्रीसारखा तात्पुरता आडोसा करणे हे आपले कर्तव्यच आहे. त्याने पुरावा बिघडत नाही.

वाफेचा आक्षेप हलका समजू नका. राहायला आल्यानंतर अपुऱ्या वायुवीजनामुळे झालेली ओल व दव ही वैधानिक हमीतून वगळलेली आहेत, आणि कंत्राटदाराने नेमका तोच अपवाद पकडला आहे. आपल्या स्वयंपाकघरात कुकर आणि फोडण्या दिवसातून दोनदा होतात, हे तो आनंदाने सांगेल. याचे उत्तर मोजमापांनी द्यावे. दवाची ओल साधारणपणे थंड कोपऱ्यांत, उत्तरेच्या भिंतीत, अनेक ठिकाणी पसरलेली आढळते आणि कडाक्याच्या थंडीत वाढते. गळतीची ओल एका वाटेने खाली येते आणि बर्फ वितळताना किंवा पावसानंतर वाढते. तपासनिसाने भिंतीतील ओलाव्याच्या नोंदी जागेनुसार आणि तारखेनुसार घेतल्या, तर हा फरक कागदावर उमटेल. घरात आर्द्रतामापक ठेवून रोजची नोंद करा, आणि कडाक्याच्या थंडीत आतली सापेक्ष आर्द्रता २० ते २५ टक्क्यांच्या आसपास राखा. ह्युमिडिफायर चालू असेल तर तो आजच बंद करा. उद्या साक्षीत हा प्रश्न हमखास विचारला जाईल.

लीनची धमकी, आपण दिलेल्या तारखा बरोबर असतील तर, पोकळ आहे. मिनेसोटात शेवटचे काम किंवा साहित्य दिल्यापासून १२० दिवसांत लीनचे निवेदन नोंदवून मालकाला द्यावे लागते, आणि शेवटच्या कामापासून १ वर्षाच्या आत त्याच्या अंमलबजावणीचा दावा करावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून मोजल्यास दोन्ही मुदती उलटल्या आहेत, आणि मे महिन्यातील फुकट सीलंट-भेटीने त्या पुन्हा जिवंत होतील असे मला वाटत नाही. तरीही काउंटी रेकॉर्डरच्या (स्थानिक मालमत्ता-नोंदणीच्या) कार्यालयात आपल्या घराची नोंद एकदा तपासून घ्या, कारण साहित्य पुरवठादाराने वेळेत काही नोंदवले आहे का हे तिथेच कळेल. लीन गेला म्हणून ६,००० डॉलरचे देणे मात्र आपोआप संपत नाही. त्या रकमेसाठी तो करारभंगाचा दावा करू शकतो, आणि आपण त्यात आपले नुकसान वळते करून मागू शकता. दुरुस्तीचा अंदाज २०,००० डॉलरच्या वर असल्यामुळे आपला दावा लहान दाव्यांच्या कन्सिलिएशन कोर्टात मावणार नाही. करारात लवादाचे कलम आहे का, हेही तपासा. पाठवलेल्या प्रतीत चौथे पान नाही.

कंत्राटदाराकडे राज्याचा परवाना आहे का, याची आजच खात्री करा. मिनेसोटात केवळ एकाच विशेष कौशल्याचे काम करणाऱ्याला, छपराचे काम वगळता, निवासी कंत्राटदाराचा परवाना लागत नाही, आणि साइडिंग हे बाह्य सजावटीच्या एका कौशल्यात मोडते. आपल्या करारात मात्र खिडक्याही आहेत, आणि त्या सुतारकामाच्या वेगळ्या कौशल्यात येतात. त्यामुळे परवाना लागत होता, असे माझे मत आहे. तो परवानाधारक असेल आणि न्यायालयाचा अंतिम निवाडा मिळूनही पैसे देत नसेल, तर राज्याच्या कंत्राटदार भरपाई निधीतून मालकाला ठराविक मर्यादेपर्यंत भरपाई मिळू शकते. परवानाच नसेल तर हा निधी उपलब्ध नाही, आणि मग त्याच्या विम्याची प्रत मिळवणे अधिक तातडीचे ठरते.

फळीच्या उत्पादकालाही स्वतंत्र पत्र द्या. तो बहुधा चुकीच्या बसवणुकीचे कारण देऊन हमी नाकारेल. ते नकारपत्रच आपल्याला हवे आहे, कारण बसवणूक चुकली असे उत्पादकाने लिहून दिले, की ‘मालच खराब होता’ हा कंत्राटदाराचा बचाव उरत नाही.

पुन्हा काम करून घेताना नव्या करारात उत्पादनाचे पूर्ण नाव, थंड प्रदेशासाठीची त्याची श्रेणी आणि छापील सूचनांची प्रत परिशिष्ट म्हणून जोडा. फळीमागे हवा खेळती ठेवणारी पोकळी, किकआउट फ्लॅशिंग आणि झाकण्यापूर्वीचे प्रत्येक भिंतीचे फोटो, हे सर्व कामाच्या व्याप्तीत लिहून घ्या. शहराची बांधकाम परवानगी कंत्राटदाराच्याच नावे काढायला लावा. प्रत्येक हप्त्याबरोबर पुरवठादाराचे लीन-माफीपत्र घ्या, आणि काही रक्कम पहिला हिवाळा उलटेपर्यंत राखून ठेवा.

राहिला तो सहीचा कागद. त्यात ‘ज्ञात व अज्ञात, वर्तमान व भविष्यातील सर्व दावे’ सोडून देत असल्याचे वाक्य आहे. भिंत अजून उघडलेली नाही, शीथिंग किती कुजले आहे हे कोणालाच माहीत नाही, आणि त्याची किंमत तो ६,००० डॉलर ठरवतो आहे. त्यावर सही करू नका. ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असा शेरा असलेला त्याचा कोणताही चेक बँकेत भरू नका, आणि या विषयावर यापुढे त्याच्याशी फोनवर बोलण्याऐवजी फक्त लेखी संवाद ठेवा.